घरातल्या प्रत्येकाची आरोग्य तपासणी: यादी, तयारी, क्रम आणि रिपोर्टनंतरची कामं

बहुतेक घरांत तपासणीचा क्रम उलटा लागतो. आधी सवलतीतलं पॅकेज घेतलं जातं, मग रिपोर्ट येतो, त्यात ठळक अक्षरात छापलेले आकडे शोधले जातात आणि फाइल कपाटात जाते. कोणाला काय तपासायची गरज आहे हे कोणी ठरवलेलंच नसतं. त्यामुळे तिशीतल्या मुलाचं व्हिटॅमिन तीनदा तपासून होतं आणि त्याच घरातल्या पंचावन्न वर्षांच्या, रोज मशेरी लावणाऱ्या आईचं तोंड कोणी बॅटरी घेऊन पाहिलेलं नसतं. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

## टप्पा १: त्रास होतोय का, हे आधी विचारा

नियमित तपासणी ही काहीही त्रास नसलेल्या माणसासाठी असते. त्रास सुरू झाला असेल तर शिबिराची किंवा पॅकेजची वाट पाहायची नसते, थेट डॉक्टरांकडे जायचं असतं. पुढचं एकही लक्षण असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा:

- स्तनात किंवा काखेत नवीन गाठ, बोंडातून रक्त
- पाळी बंद झाल्यावर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्तस्राव
- तोंडातली जखम २ आठवड्यांत न भरणं, लाल किंवा पांढरा चट्टा
- २ आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप
- शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं

धोका इथे आहे: गाठ हाताला लागत असताना मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) ‘नॉर्मल’ आली म्हणून स्वस्थ बसणं. लक्षण असेल तर एका नॉर्मल रिपोर्टाने विषय संपत नाही.

## टप्पा २: घराची वही तयार करा

एक साधी वही घ्या आणि प्रत्येकाला दोन पानं द्या. पहिल्या पानावर जन्मतारीख, रक्तगट, चालू औषधं (नाव आणि मिलिग्रॅमसह), ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया, तंबाखू आणि दारू. त्याखाली आई-वडील आणि सख्खी भावंडं यांचे आजार लिहा. आजार कोणत्या वयात झाला, हेही लिहा. ‘वडिलांना हार्ट अटॅक’ एवढ्याने डॉक्टरांना फार काही कळत नाही, ‘वडिलांना ४८व्या वर्षी हार्ट अटॅक’ यावरून तुमची तपासणी किती लवकर सुरू करायची ते ठरतं. दुसऱ्या पानावर तारीख, तपासणी, आकडा आणि पुढची तारीख असे चार रकाने आखा.

ज्या बाईची गर्भाशयाची पिशवी काढली आहे तिचं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यांत कमी वयात पिशवी काढलेल्या अनेक बायका आहेत आणि नेमकं काय काढलं हे त्यांना सांगितलेलं नसतं. कार्डावर दोन गोष्टी पाहायच्या. गर्भाशयाचं मुख ठेवलंय का? ठेवलं असेल तर त्याची तपासणी चालूच राहते. अंडाशय काढलेत का? तरुण वयात काढले असतील तर हाडं आणि हृदय यांच्याकडे लवकर लक्ष द्यावं लागतं.

## टप्पा ३: वयाप्रमाणे यादी करा

### जन्मापासून ६ वर्षं

पहिल्या २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस, सोबत बीसीजी आणि पोलिओचे थेंब. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाव्हायरस. ६ व १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना न्यूमोकोकल आणि पोलिओचं इंजेक्शन. ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि अ जीवनसत्त्व, १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा आणि डीपीटीचा बूस्टर.

यापुढचे डोस सगळ्यांत जास्त चुकतात. दीड वर्षाचा बूस्टर झाला की लसीकरण संपलं असं घरात ठरून जातं. प्रत्यक्षात ५ ते ६ वर्षांत डीपीटीचा दुसरा बूस्टर, १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस), आणि ५ वर्षांपर्यंत दर ६ महिन्यांनी अ जीवनसत्त्व बाकी असतं.

- लस चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिलेल्या डोसपासून पुढे चालू ठेवतात.
- साधी सर्दी किंवा थोडी कणकण असेल तरी लस देता येते. ‘बरं वाटल्यावर बघू’ यात महिने जातात.
- बीसीजीचा व्रण उठला नाही तरी ती लस पुन्हा द्यावी लागत नाही.
- लस दिल्यावर ३० मिनिटं केंद्रातच थांबा. टोचलेली जागा चोळू नका.

नवजात बाळाच्या तीन तपासण्या घरी जाण्याच्या घाईत राहून जातात: ऐकू येतं का, थायरॉइड, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा डोळ्याचा पडदा. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात व्हायला हवी आणि दोष आढळला तर ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत, कारण बोलणं ऐकण्यातूनच येतं. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञांनी तपासायलाच हवा. उशीर झाला तर गेलेली दृष्टी परत येत नाही. डिस्चार्जच्या दिवशी हे स्वतः विचारा.

६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत पट्टीने मोजतात. ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण. अशा वेळी ‘अंगानेच बारीक आहे’ म्हणून घरी परतू नका.

### शाळेचं वय

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा येतं. त्या दिवशी मूल घरी राहिलं तर शाळेतली पुढची फेरी थेट वर्षभराने. तारीख शिक्षकांना आधी विचारून ठेवा. पथकाने पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली तर ती दप्तरात विरून जाऊ देऊ नका, वहीत चिकटवा.

खासगी शाळेतल्या मुलांची नजर ३ ते ५ वर्षांच्या वयात एकदा नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या. एका डोळ्याने कमी दिसणारं मूल तक्रार करत नाही, ते दुसऱ्या डोळ्याने निभावून नेतं. असा आळशी डोळा साधारण सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर चांगला सुधारतो, नंतर अवघड जातं.

जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. ॲल्बेंडाझोलची गोळी ४०० मिलिग्रॅमची, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी आणि चुरा करूनच. चुरा न करता दिली तर घशात अडकू शकते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस ९ ते १४ वर्षांत ६ महिन्यांच्या अंतराने दोन डोसांत देण्याची प्रचलित पद्धत आहे, १५ पासून पुढे तीन डोस. लस घेतली तरी मोठेपणी तपासणी करावीच लागते.

### लग्न आणि गरोदरपण

विदर्भ, नंदुरबार आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची (आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी लग्नाआधी करा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्यांची तपासणी होते. प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

गरोदरपणाची नोंद १२ आठवड्यांच्या आत करा. रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि शुगर पहिल्याच भेटीत. शुगरसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घेऊन बरोबर २ तासांनी रक्त घेतात, पोट रिकामं असो वा नसो. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्यांदा नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ग्लुकोज अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं तर तो निकाल धरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह अंगी लागत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा आणि लोहाच्या गोळीबरोबर चहा नको.

बाळंतपणानंतर: गरोदरपणात शुगर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत पुन्हा तपासा आणि पुढे दरवर्षी. ही तपासणी जवळजवळ प्रत्येक घर विसरतं, कारण तोवर सगळं लक्ष बाळाकडे गेलेलं असतं.

### तिशीपासून साठीपर्यंत

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपासून पाच गोष्टी तपासतात: बीपी, शुगर, तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख. बीपी-शुगर दरवर्षी, बाकीच्या तीन दर ५ वर्षांनी. आशाताई घरी येऊन जो प्रश्नांचा फॉर्म भरतात तो याचाच पहिला भाग. तंबाखू विचारली की खरं सांगा, कारण त्यावरूनच पुढे कोणाला आधी पाठवायचं ते ठरतं.

तोंड. तंबाखू, मशेरी, खर्रा, मावा किंवा सुपारी खाणाऱ्याने ५ वर्षं थांबायचं नाही. दर महिन्याला आरशासमोर बॅटरी घेऊन पाहा. कवळी असेल तर काढून, दोन्ही गालांच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली, हिरड्या, टाळू. शेवटी आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघा. जात नसतील किंवा तिखट सोसत नसेल, तर दंतवैद्यांकडे जा.

गर्भाशयाचं मुख. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲसिटिक ॲसिड लावून, एक मिनिट थांबून पांढरा चट्टा उठतो का ते पाहतात. पाळी गेलेल्या बाईत ही पद्धत नीट चालत नाही, कारण पाहायचा भाग आत सरकलेला असतो. तिथे एचपीव्ही चाचणी (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू आहे का ते पाहणं) किंवा पॅप स्मिअर (मुखावरच्या पेशी घेऊन तपासणं) मागून घ्या. पॅप दर ३ वर्षांनी, एचपीव्ही दर ५ वर्षांनी.

शुगर आणि चरबी. कंबर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, किंवा आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल, तर तिशीचीही वाट पाहू नका. कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजायची नसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर टेप लावायचा असतो.

मधुमेह आहेच, तर दरवर्षी चार गोष्टी: डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि पायाची संवेदना. डोळे तर निदान झालं त्याच वर्षी तपासायचे, कारण प्रौढ वयातला मधुमेह बहुधा कळण्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो.

### साठीनंतर

वरचं सगळं चालू, शिवाय मोतीबिंदू, काचबिंदू, ऐकणं, आणि पडण्याचा धोका. खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायला १२ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर धोका आहे. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचं बीपी २० ने उतरत असेल तर औषधांचा डोस डॉक्टरांकडून पुन्हा बघून घ्या. रात्री बाथरूमला जाताना पडण्यामागे हे एक नेहमीचं कारण असतं. ६५ वर्षांवरच्या बाईने हाडांची घनता एकदा मोजावी. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची डॉक्टरांना विचारून.

## टप्पा ४: पॅकेज वाचून घ्या

‘७२ चाचण्या’ म्हणजे ७२ वेगळ्या तपासण्या नसतात. एका रक्तगणनेत वीसेक आकडे येतात, यकृताच्या चाचणीत दहाएक, लघवीत पंधराच्या आसपास, आणि प्रत्येक आकडा चाचणी म्हणून मोजतात. पॅकेजचा कागद आणि तुमची वयाची यादी शेजारी ठेवा. तोंड, स्तन, गर्भाशयमुख, डोळे आणि पाय हे डॉक्टर किंवा नर्सने प्रत्यक्ष पाहायचे असतात, आणि स्वस्त पॅकेजमध्ये नेमके तेच नसतात.

निरोगी माणसात कर्करोगाचे ‘मार्कर’ तपासू नका. साध्या कारणांनीही ते वाढतात आणि मग सीटी स्कॅनपर्यंत फरफट होते. प्रोस्टेटची पीएसए ही रक्तचाचणी पन्नाशीनंतर, फायदे-तोटे डॉक्टरांशी बोलूनच.

बीपी, शुगर आणि तीन कर्करोगांची प्राथमिक तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, वार्षिक तपासणीसाठी तिच्यावर विसंबू नका. खासगी लॅब असेल तर एनएबीएल ही लॅबच्या दर्जाची मान्यता पाहा. जुनी करप्रणाली घेत असाल तर प्राप्तिकरात तपासणीच्या खर्चाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, रोख भरले असले तरी. पावती ठेवा.

## टप्पा ५: आदल्या दिवसाची तयारी

1. रात्रीचं जेवण नेहमीसारखंच घ्या. तपासणी आहे म्हणून तीन दिवस पथ्य केलं तर रिपोर्ट त्या तीन दिवसांचाच येतो.
2. शेवटच्या घासानंतर ८ ते १० तास उपाशी. साधं पाणी चालतं आणि प्यायलाच हवं. चहा, दूध, लिंबू-मध पाणी नाही. पण १४-१५ तासही उपाशी राहू नका.
3. बीपीची गोळी सकाळी पाण्याबरोबर नेहमीसारखी घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घेऊ नका, नाश्त्याबरोबर घ्या. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर.
4. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर किमान २ दिवस आधी बंद करा. थायरॉइडचे आकडे त्याने खोटे येतात.
5. पॅपसाठी पाळीचे दिवस टाळा. आधीचे ४८ तास संबंध, योनीतली औषधं आणि आतून धुणं बंद.
6. मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको. फिल्मवर त्याचे ठिपके उठतात. पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १० दिवसांची वेळ घ्या, तेव्हा दुखतं कमी. जुन्या फिल्म बरोबर न्या.
7. ताप, जुलाब किंवा नुकताच आजार झाला असेल तर तारीख पुढे ढकला.

निघण्याआधी: वही, चालू औषधं, जुने रिपोर्ट आणि नाश्त्याचा डबा. डोळ्यांत थेंब घालणार असतील तर सोबत माणूस, कारण पुढचे काही तास गाडी चालवता येत नाही.

## टप्पा ६: तपासणीच्या दिवसाचा क्रम

आधी बीपी, मग सुई. सुई टोचल्यावर घेतलेलं बीपी वाढलेलं येऊ शकतं. त्यानंतर उपाशीपोटीचं रक्त, लघवी आणि पोटाची सोनोग्राफी. ओटीपोट पाहायचं असेल तर लघवी तुंबवून ठेवावी लागते, म्हणून लघवीचा नमुना कधी द्यायचा ते आधी विचारा. हे सगळं झालं की नाश्ता. जेवणानंतरच्या शुगरचे २ तास पहिल्या घासापासून मोजायचे, शेवटच्या घासापासून नाही. त्या दोन तासांत फेरफटका मारायचा नाही आणि वर चहा-बिस्कीटही नाही. डोळ्यांचे थेंब सगळ्यात शेवटी.

लघवीचा नमुना धारेच्या मधला. सुरुवातीची सोडून द्या, मग बाटली धरा.

घरी येऊन रक्त घेत असतील तर शुगरची नळी राखाडी टोपणाची आहे का पाहा. साध्या नळीतल्या रक्तपेशी साखर खात राहतात आणि आकडा तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरतो. उन्हाळ्यात दुपारपर्यंत पिशवीत फिरलेल्या नमुन्याची ‘नॉर्मल’ शुगर फसवी असू शकते. नळीवर नाव तुमच्यासमोर लिहायला सांगा.

### बीपी नीट मोजणं

आधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिना काहीही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडी न घालता ५ मिनिटं गप्प बसा. दंड उघडा, हात टेबलावर आणि पट्टा हृदयाच्या पातळीत. १ ते २ मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त येतं. साधा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला पुरतो.

दवाखान्यात १४०/९० किंवा जास्त आलं तर त्याच दिवशी आयुष्यभराची गोळी सुरू होते असं नाही. घरी ७ दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी आहे.

थांबू नका: १८०/११० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं किंवा हात-पाय लुळे पडणं असेल तर लगेच १०८.

## टप्पा ७: रिपोर्ट वाचताना

उपाशीपोटी शुगर १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ काठावर, १२६ पासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर निदान करत नाहीत, दुसऱ्यांदा तपासतात.

इथे एक गोष्ट आवर्जून तपासा. एचबीए१सीच्या शेजारी हिमोग्लोबिनचा आकडा बघा. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटी जास्त येऊ शकते. सिकलसेल असेल, किंवा नुकतंच रक्त चढवलं किंवा गेलं असेल, तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की ही तुलना प्रत्येक रिपोर्टात करायला हवी. हिमोग्लोबिन बाईत १२, पुरुषात १३ आणि गरोदर बाईत ११ च्या खाली म्हणजे कमी. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं कमी आलं तर नुसतं टॉनिक घेऊ नका, रक्त पोटातून किंवा आतड्यातून जातंय का ते शोधावं लागतं.

ठळक छापलेला प्रत्येक आकडा आजार नसतो, आणि मर्यादेत बसलेला प्रत्येक आकडा ठीकही नसतो. मागच्या वर्षी क्रिएटिनिन ०.८ आणि यंदा १.२ असेल, तर दोन्ही ‘नॉर्मल’ छापून येतात, पण मूत्रपिंडाचं काम उतरलेलं असू शकतं. हा फरक वहीच्या दुसऱ्या पानावर दिसतो.

## टप्पा ८: पुढची पायरी तारखेसह लिहा

काठावरची शुगर: आहार-व्यायाम सुरू, वर्षभराच्या आत पुन्हा. लघवीत अल्ब्युमिन: ३ ते ६ महिन्यांत पुन्हा तपासून खात्री. पॅप किंवा एचपीव्ही पॉझिटिव्ह: कर्करोग झाला असा त्याचा अर्थ नसतो, दुर्बिणीसारख्या यंत्रातून गर्भाशयमुख बघून पुढचं ठरतं. पूर्वावस्थेत सापडलं तर बहुतेकदा बाह्यरुग्ण विभागातल्या छोट्या उपचारात काम होतं. पण ही पुढची भेटच बहुतेक जणींची राहते. शेताची कामं, मुलांच्या परीक्षा, घरी सांगायचा संकोच. म्हणून तपासणी करून घेतानाच विचारा: निकाल कधी, कोण सांगणार, आणि पॉझिटिव्ह आला तर कुठल्या रुग्णालयात, कोणत्या वारी जायचं. उत्तर वहीत लिहून घ्या आणि घरातल्या एका माणसाला त्या तारखेला सोबत येण्यासाठी आजच सांगून ठेवा.